अर्ध्या तासाची होडी

ताडकळसपासून समुद्र चारशे किलोमीटरहून दूर आहे. पूर्णा तालुक्यातल्या या गावाची पाण्याशी ओळख आहे ती विहिरीची आणि नदीची. एका बाजूला गोदावरी, दुसऱ्या बाजूला पूर्णा, आणि कंठेश्वरजवळ दोघींचा संगम. पावसाळ्यात दोन्ही नद्या दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात जागोजागी डोहांपुरत्या उरतात. होडीत बसायची वेळ इथल्या माणसावर येते ती बहुधा सहलीत. शाळांना सुट्ट्या लागल्या की परभणी-पूर्णा भागातली कुटुंबे गोवा, मालवण, महाबळेश्वर, मुंबईकडे निघतात. तिथे खाडीच्या काठावर रंगीबेरंगी होड्या मांडलेल्या असतात. पायाने चालवायच्या पॅडल बोटी, वल्ह्याच्या होड्या, प्लास्टिकच्या कयाक, उभे राहून वल्हवायचे लांबट फळीवजा बोर्ड. भाडे अर्ध्या तासाचे. पाणी आरशासारखे. पोहता येत नाही? ‘काही होत नाही हो, पाणी शांत आहे,’ असे उत्तर मिळते.

पाणी शांत असते हे खरेच. शहरालगतच्या खाडीला किंवा उपसागराला डोंगर, धक्का, इमारती यांचा आडोसा असतो. खुल्या समुद्राच्या लाटा तिथपर्यंत पोचत नाहीत. नवशिक्याने वल्हे हातात धरण्यासाठी याहून चांगली जागा नाही. पण आडोसा लाटांना अडवतो. वाऱ्याला तो अर्धवटच अडवतो, आणि भरती-ओहोटीच्या ओढीला तर अजिबात नाही. छोट्या भाड्याच्या होड्यांचे अनेक अपघात या तीन गोष्टींतला फरक न कळल्याने होतात.

जाताना सोपे, येताना अवघड

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई. परीक्षेनंतर हे विसरले जाते, आणि नेमके ते कामी येते ती वेळ म्हणजे सकाळी आठ वाजता किनाऱ्यावर होडी भाड्याने घेताना. त्या वेळी पाणी काचेसारखे असते आणि मतलई वारा अजून मंदपणे वाहत असतो. काठावर झाडे-इमारतींमुळे तो अंगाला जाणवतही नाही. दोनशे मीटर आत गेले की आडोसा संपतो आणि वारा होडीला पाठीमागून ढकलू लागतो, तोही समुद्राच्या दिशेने. वल्हवणाऱ्याला वाटते, आपल्याला चांगले जमू लागले. परत वळल्यावर कळते की जमत होते ते वाऱ्याला.

आता अर्ध्या तासाच्या भाड्याचा हिशोब पाहा. माणूस पंधरा मिनिटे जातो आणि पंधरा मिनिटांत परत यायचे ठरवतो. वाऱ्याबरोबर पंधरा मिनिटांत कापलेले अंतर वाऱ्याविरुद्ध कापायला कधी दुप्पट वेळ लागतो, तर कधी ते कापलेच जात नाही. तोवर हात भरून आलेले असतात, घड्याळाची घाई असते, आणि घाईत माणूस उभा राहतो किंवा जागा बदलतो. जाणकार नावाडी म्हणून उलटे करतात. आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचे, दमल्यावर वाऱ्याबरोबर परतायचे. वारा कुठून आहे हे न कळल्यास नांगरलेल्या होड्यांकडे पाहावे. ओढ नसलेल्या पाण्यात त्यांचे नाक वाऱ्याकडे वळलेले असते.

ओहोटीचा हिशोबही तितकाच सरळ आहे. कयाकमध्ये पहिल्यांदा बसलेला माणूस तासाला साधारण चार किलोमीटर वेगाने वल्हवतो, म्हणजे सेकंदाला एक मीटरच्या आसपास. खाडीच्या अरुंद तोंडाशी ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाण्याचा वेगही तेवढा होऊ शकतो. तेव्हा कितीही वल्हवले तरी समोरचे नारळाचे झाड जिथल्या तिथे राहते. मुंबई-रायगडकडचे कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढत आले आहेत: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ठोकताळा मिळतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि पाण्याची ओढ सर्वांत जास्त असते ती या सहा तासांच्या मधल्या भागात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ओढ वाढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ती कमी होते. मोबाइलवर आज भरतीची वेळ मिनिटांसकट मिळते. पण कॅलेंडर वाचणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हा पाऊणपटीचा हिशोब जास्त लवकर लक्षात राहील.

उभे राहून वल्हवायच्या बोर्डवर आणखी एक गंमत आहे. उभा माणूस म्हणजे शिडाची काठी. वारा वाढला की त्याने लगेच गुडघ्यावर बसावे, तरीही ढकलला गेल्यास पालथे झोपून हातांनी पाणी मारावे. बोर्डाला बांधलेली आणि पोटरीला अडकवायची दोरी बरेच भाडेकरू ‘पायात अडकते’ म्हणून काढून टाकतात. खाडीच्या मोकळ्या पाण्यात ती काढू नये. पडलेल्या माणसापासून हलका बोर्ड वाऱ्याबरोबर काही सेकंदांत दूर जातो, आणि पोहून तो गाठता येत नाही.

धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी नाही. पण वारा आहे, आणि तो अडवायला काहीच नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जणांचा मृत्यू झाला. ती सहलीची होडी नव्हती, रोजच्या येण्याजाण्याची होती. वळवाचा पाऊस मराठवाड्याला नवा नाही. दुपारी उकाडा, चारनंतर पश्चिमेला काळे ढग, मग दहा मिनिटांत धूळ आणि वारा. येलदरी असो, नांदेडचा विष्णुपुरी जलाशय असो की दिग्रसचा बंधारा, मे महिन्यात दुपारनंतर ढग दिसले की छोट्या होडीने पाण्यात असू नये. कोकणात आणि गोव्यात मेअखेरीपासून पावसाळ्यापुरत्या जलक्रीडा बंद ठेवतात, त्यालाही हेच कारण. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगाम संपायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

दोन सेंटिमीटरची गोष्ट

होडीत किती माणसे बसवायची यावर काठावर रोज वाद होतात. ‘लेकरू आहे, त्याला काय जागा लागते’ हा त्यातला नेहमीचा युक्तिवाद. जागेचा प्रश्न नसतोच. पाण्याला टेकलेला तळ तीन चौरस मीटर असलेली एक छोटी होडी डोळ्यांसमोर आणा. अशी होडी एक सेंटिमीटर खाली जायला तीस किलो वजन पुरते, कारण तेवढ्यात तीस लिटर पाणी बाजूला सारले जाते. म्हणजे सत्तर किलोचा एक माणूस बसला की होडी सव्वादोन सेंटिमीटरहून थोडी जास्त बुडते. चौघांना बसायची होडी सहा जणांना घेऊन निघाली की तिची पाण्यावर राहणारी कड साडेचार-पाच सेंटिमीटरने कमी होते. बाजूने जाणाऱ्या मोटारबोटीची लाट याहून उंच असते.

पाणी एकदा आत आले की खेळ बदलतो. होडीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे तीस किलो वजन, आणि हे वजन एका जागी बसून राहत नाही. होडी डावीकडे कलली की सगळे पाणी डावीकडे धावते आणि ती आणखी कलते. परातीत पाणी घेऊन चालणाऱ्याला हा अनुभव आहे. त्यात फोटोसाठी सगळे एकाच बाजूला सरकले, की उलटायला मोठी लाट लागत नाही.

बसलेल्या माणसाचा भार खाली असतो, उभ्या माणसाचा वर. पॅडल बोट रुंद असल्याने ती बरेच काही सहन करते, म्हणून लहान मुलांसह जाणाऱ्यांनी तीच घ्यावी. कयाक अरुंद असते आणि कमरेच्या हालचालीला लगेच प्रतिसाद देते. पण आजकाल भाड्याने मिळणारी कयाक बहुधा वर बसायची असते, उलटली तरी माणूस आत अडकत नाही. ती कशी पलटवायची आणि पुन्हा कसे चढायचे, हे कमरेएवढ्या पाण्यात एकदा करून पाहायला पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे भाडे देणाऱ्याने द्यायला हवीत, आणि दिली नाहीत तर मागून घ्यावीत.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली, त्यात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. तलाव शहरातला, काठ हाकेच्या अंतरावर, पाणी शांत. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मुले होती आणि लाइफ जॅकेट फक्त दहा जणांच्या अंगावर होती. हा अपघात समजून घ्यायला वाऱ्याची किंवा ओहोटीची गरज नाही. वर मांडलेला सेंटिमीटरचा हिशोब पुरतो.

पाठीवरचा भोपळा

खेड्यात पोहायला शिकवण्याची एक जुनी रीत होती. वाळलेला पोकळ भोपळा किंवा तेलाचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा पोराच्या पाठीला बांधायचा आणि त्याला विहिरीत सोडायचे. पुढे भोपळा लहान होत जायचा, आणि एक दिवस तो नसतानाही पोर तरंगायचे. या रीतीमागचे शास्त्र चोख होते. माणसाचे शरीर पाण्याइतकेच जड असते. छाती हवेने भरलेली असेल तर किंचित हलके, श्वास सोडला की किंचित जड. म्हणून साठ-सत्तर किलोच्या माणसाला पाण्यात उचलून धरायला साठ-सत्तर किलोची ताकद लागत नाही. हनुवटी पाण्याबाहेर राहण्यापुरता तीन ते पाच किलोचा वरचा रेटा बहुतेक प्रौढांना पुरतो. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्याने त्यातला दीडेक किलोचा रेटा ते स्वतःच देते. समुद्रात सहज तरंगलेला माणूस धरणात तसा तरंगेल असे नाही, ते यामुळेच.

लाइफ जॅकेट म्हणजे हाच भोपळा, फक्त पाठीऐवजी छातीशी. जॅकेटवरच्या पट्टीवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलोचा रेटा. ही जॅकेटे वल्हवायला मोकळी असतात, पण ती पोहता येणाऱ्यांसाठी आहेत. बेशुद्ध माणसाचे तोंड ती वर वळवतीलच असे नाही. पोहता न येणाऱ्याने १०० न्यूटनचे किंवा त्याहून जास्तीचे, मानेमागे उशी असलेले जॅकेट मागावे. मापाची परीक्षा सोपी आहे. सगळे बंद लावल्यावर दुसऱ्याने खांद्याजवळ धरून जॅकेट वर उचलायचे. ते कानापर्यंत सरकले तर पाण्यातही सरकेल आणि माणूस त्यातून खाली निसटेल. लहान मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मोठ्याचे जॅकेट मुलाला घालून पट्टे आवळले, तर सुरक्षेचा फक्त आभास होतो.

जॅकेट न घालण्याची कारणे काठावर ऐकायला मिळतात ती साधी असतात. उकडते. वास येतो. ओले आहे. साडीवर विचित्र दिसते. फोटो चांगले येत नाहीत. यातली वासाची आणि ओलेपणाची तक्रार खरी आहे आणि होड्या भाड्याने देणाऱ्यांनी ती मनावर घ्यावी, कारण धुतलेले, वाळवलेले जॅकेट लोक जास्त घालतात. साडी किंवा ओढणी असेल तर पदर आत खोचून जॅकेट त्यावरून घालावे. पायात गुंडाळली जाणारी साडी पाण्यात पाय मारू देत नाही, तेव्हा तिथे जॅकेटची गरज जास्तच. अमेरिकेचे तटरक्षक दल होड्यांच्या अपघातांचा वार्षिक अहवाल काढते. बुडून मेलेल्या दर दहांपैकी आठ-नऊ जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसते, हे त्यात वर्षानुवर्षे दिसते. ते होडीतच पायाशी ठेवलेले असले तरी उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणे म्हणजे चालत्या गाडीत पायजमा बदलण्यासारखे आहे.

जॅकेटचा प्रश्न मराठवाड्यात जास्त गंभीर आहे, कारण पोहणे शिकायची जागाच गेली आहे. विहिरींचे पाणी खोल गेले, पायऱ्यांच्या बारवा बुजल्या किंवा शेवाळल्या. मुलींना विहिरीत शिकण्याची मुभा पूर्वीही फारशी नव्हती. जलतरण तलाव शहरात, आणि तिथेही मोजके. तरीही पाण्याशी गाठ पडतेच. जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बातम्या अलीकडच्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली, आणि पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बुडणे तिसऱ्या क्रमांकावर आहे. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींत दरवर्षी बुडून तीस हजारांहून अधिक मृत्यू दिसतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी धोरणात्मक आराखडा काढला. बुडणे हा आरोग्याचा विषय मानला गेला, एवढी तरी त्यातून सुरुवात झाली.

पाण्याची भीती घेऊन जन्मलेला माणूस कुठवर जाऊ शकतो, याचे उदाहरणही दुष्काळी भागातलेच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेला आणि पुण्यात नौकानयन शिकला. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या संघात त्याने सुवर्णपदक मिळवले. फरक इतकाच, की त्याला कोणी अर्ध्या तासाच्या भाड्यावर सोडले नव्हते. आधी शिकवले होते.

आणि वल्हवण्यात शिकण्यासारखे आहेच. कयाक मध्यम गतीने वल्हवणे किंवा पॅडल बोट चालवणे हा भरभर चालण्याच्या तोडीचा व्यायाम आहे. गुडघे दुखणाऱ्यांना चालण्यापेक्षा कयाक सोसते, कारण वजन सांध्यांवर पडत नाही. नवशिके दंडाच्या जोरावर वल्हवतात आणि दुसऱ्या दिवशी खांदे धरून बसतात. वल्हे ओढायचे ते कमरेपासून अंग वळवून. हात फक्त धरायला.

बुडणारा हाक मारत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात तसे क्वचित होते. ओरडायला श्वास सोडावा लागतो, आणि ज्याचे तोंड पाण्याच्या वर-खाली होत आहे त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबतात, ते हलवून खूण करता येत नाही. माणूस पाण्यात उभा, डोके मागे, तोंड उघडे, केस डोळ्यांवर. काठावरून पाहणाऱ्याला तो खेळतोय असे वाटते. ही अवस्था वीस सेकंद ते एक मिनिट टिकते. मूल त्यातही लवकर खाली जाते. बडबडणारे पोर एकदम गप्प झाले तर आधी त्याच्याकडे पाहावे.

पाण्यात पडलेल्याने पहिले मिनिट काही न करण्यात घालवावे. अचानक पाण्यात गेल्यावर धाप लागते, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात हिवाळ्यात ती जास्तच लागेल. त्या धापेत हातपाय मारले की पाणी नाकातोंडात जाते. डोके मागे टाकून, कान पाण्यात, छाती वर असे पडून राहिले की श्वास जागेवर येतो. मग होडी धरायची आणि सोडायची नाही. उलटलेली प्लास्टिकची होडी तरंगत असते आणि लांबून दिसते, पोहणाऱ्याचे डोके दिसत नाही. ‘काठ जवळच आहे’ म्हणून होडी सोडणारे अनेकदा मध्येच थकतात.

काठावरच्यांनी उडी मारू नये. बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढतो, आणि वाचवायला गेलेला खाली जातो. एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या अशाच असतात. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर चार तरुण बुडत होते. तिथल्या तीन महिलांनी अंगावरच्या साड्या सोडून त्यांची दोरी केली, पाण्यात फेकली आणि दोघांना ओढून काढले. साडी, काठी, दोर, वल्हे, काहीही चालते. पाच लिटरचा झाकण लावलेला रिकामा कॅन पाच किलोचा रेटा देतो, म्हणजे एका माणसाची हनुवटी वर ठेवायला तो पुरतो. थोडे पाणी आत ठेवून फेकला तर वाऱ्याने भरकटत नाही.

बाहेर काढल्यावर जे केले जाते त्यातले बरेचसे अजून चुकीचे आहे. पालथे घालून पोट दाबणे, घागरीवर लोळवणे, पाय धरून उलटे फिरवणे. फुप्फुसात गेलेले पाणी बहुधा थोडे असते आणि ते रक्तात शोषले जाते. पोट दाबल्याने बाहेर येते ते पोटातले पाणी आणि अन्न, आणि तेच श्वासनलिकेत जाऊन नवे संकट होते. बुडालेल्याला कमतरता असते ती हवेची. श्वास चालू नसेल तर त्याला उताणे ठेवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने दोन श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यावर जोरात आणि भरभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास. हृदयविकाराच्या झटक्यात फक्त छाती दाबली तरी चालते, बुडालेल्याला ते पुरत नाही. मेंदू हवेविना चार-सहा मिनिटेच तग धरतो, म्हणून १०८ ला फोन दुसऱ्याने करावा आणि पहिल्याने थांबू नये. समुद्रावर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही आहे.

काही जणांनी होडीत बसण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. फिट येणाऱ्यांना बुडण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी असतो. गोळ्या नियमित चालू असल्या तरी त्यांनी एकट्याने कयाक घेऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी वल्हवू नये, खिशात साखर असावी. मळमळीवरच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन वल्हे हातात घेऊ नये. दारूबद्दल वेगळे सांगायला नको, तरी गोव्यात ते सांगावे लागते.

शहरी खाडीचा आणखी एक प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. ज्या आडोशामुळे पाणी शांत असते, त्याच आडोशामुळे शहराचे सांडपाणीही तिथे रेंगाळते. समुद्रात पोहणे आणि जलक्रीडा यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १०० मिलीलीटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची १०० ही मर्यादा घातली आहे. नाले मिळतात तिथे ती राखणे कठीण असते. जोराचा पाऊस झाल्यावर दोन दिवस अशा पाण्यात जाऊ नये. पायाला जखम असेल तर मुळीच नाही, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस तिथूनच शिरतो. पाण्यातून आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, पोटऱ्यांत कळा आणि डोळे लाल झाले तर डॉक्टरांना सहलीबद्दल जरूर सांगावे. ताडकळसच्या किंवा परभणीच्या दवाखान्यात कोणी आपण होऊन ‘गोव्याला कयाक केली होती का’ असे विचारेल ही शक्यता कमी.

नियम आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोटींच्या सुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला, आणि त्यात यंत्राशिवाय चालणाऱ्या होड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. त्यांच्या नोंदीची जबाबदारी स्थानिक पातळीवर नेण्याची सोय त्यात केलेली आहे. पणजीत राष्ट्रीय जलक्रीडा संस्था बोट चालवणाऱ्यांना आणि जीवरक्षकांना शिकवते. भाडे देण्याआधी ‘तुमच्या माणसांनी प्रशिक्षण घेतले आहे का, प्रमाणपत्र दाखवा’ असे विचारण्यात गैर काही नाही. आणखी दोन गोष्टी काठावर उभ्या उभ्या दिसतात. एक, होडीवर क्षमतेचा आकडा रंगवलेला आहे का. दोन, बचावासाठी इंजिनाची एक बोट तयार आहे आणि तिच्यावर माणूस बसलेला आहे का. बोट आहे पण चालवणारा जेवायला गेला आहे, असे असेल तर तो येईपर्यंत काठावर भेळ खावी.

बुडता बुडता वाचलेला माणूस उठून बसला, हसू लागला, की सगळे गाडीत बसून पुढच्या ठिकाणाकडे निघतात. खोकला येत असेल, धाप लागत असेल, छातीत घरघर असेल किंवा गुंगी वाटत असेल तर तसे करू नये. पाण्याने फुप्फुसाच्या आतला थर बिघडलेला असला तर श्वास काही तासांनी अवघडू लागतो. अशा माणसाला जवळच्या रुग्णालयात नेऊन सहा ते आठ तास लक्षाखाली ठेवावे, बोटाला लावायच्या यंत्राने रक्तातला प्राणवायू मोजत राहावा. परतीच्या गाडीचे आरक्षण असले तरी. मुंबई ते पूर्णा जंक्शन हा रात्रभराचा प्रवास आहे, आणि मधल्या स्टेशनवर रात्री दोन वाजता ऑक्सिजन मिळणे कठीण.